साष्टी नावाची युद्धनौका

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ज्या बेटावर वसलंय, त्या बेटाच्या नावाचं एक जहाज दोनशे वर्षांपूर्वी मुंबईच्या गोदीत घडलं. ते बाल्टिकच्या बर्फातून तगून निघालं, रशियनांशी लढलं आणि त्याच्यावरून एका इंग्रज कवीनं चक्क समुद्रात उडी घेतली. त्या जहाजाची ही नोकरीची वही.

‘कुठे राहतोस?’ असं कुणी विचारलं की आपण स्टेशनचं नाव सांगतो. मग पुढचा प्रश्न ठरलेला असतो, ईस्ट की वेस्ट? पण कुणी विचारलं, की बाबा रे, तू राहतोस ते बेट कोणतं? तर आपली विकेट पडते. ‘मुंबई सात बेटांची’ हे शाळेत पाठ केलेलं असतं. कुलाबा, माझगाव, परळ, वरळी, माहीम… यादी म्हणता म्हणता लक्षात येतं, की त्यात आपलं नाव कुठेच नाही. अंधेरी नाही, बोरिवली नाही, मुलुंड नाही, घाटकोपर तर नाहीच नाही.

कारण आपण त्या सात बेटांवर राहतच नाही. आपण राहतो साष्टीवर. वांद्र्यापासून दहिसर-भाईंदरपर्यंत आणि कुर्ल्यापासून ठाण्यापर्यंतचा सगळा भाग म्हणजे साष्टी बेट. सहासष्ट गावांचं बेट, म्हणून सासष्ट आणि त्यावरून साष्टी, अशी या नावाची फोड सांगतात. पोर्तुगीजांच्या आणि नंतर इंग्रजांच्या तोंडी त्याचं झालं ‘साल्सेट’. वेस्टर्न लाइनवर भाईंदर सुटलं आणि गाडी खाडीच्या पुलावर आली की तुम्ही साष्टी सोडता. सेंट्रलवर ठाणे सोडून कळव्याकडे निघालात की तेच. (गोव्यातही मडगावच्या आजूबाजूला एक साष्टी तालुका आहे. पण आपली गोष्ट आपल्या साष्टीची.)

आता गंमत बघा. ज्या नावाचा आपल्यालाच पत्ता नसतो, ते नाव ब्रिटिश नौदलाच्या दप्तरात अनेक दशकं रोज लिहिलं जात होतं. एचएमएस साल्सेट. ‘एचएमएस’ म्हणजे हिज मॅजेस्टीज शिप, राजाचं जहाज. आणि हे राजाचं जहाज लंडन किंवा पोर्ट्समथला नव्हे, आपल्या फोर्टातल्या गोदीत बांधलं होतं. बांधणारे हात होते इथल्याच सुतारांचे, आणि त्यांचा मुख्य होता एक पारशी उस्ताद.

दोन डब्यांएवढं जहाज

हे जहाज म्हणजे ‘फ्रिगेट’ जातीची युद्धनौका. तेव्हाच्या नौदलातली मोठमोठी जहाजं दोन किंवा तीन मजली तोफखान्याची असत, समोरासमोरच्या लढाईसाठी. फ्रिगेट त्यापेक्षा लहान, सडसडीत आणि वेगवान. टेहळणी करायची, व्यापारी ताफ्यांना सोबत करायची, शत्रूची एकटीदुकटी जहाजं पकडायची, निरोप आणि वकील पोहोचवायचे, ही तिची कामं. साल्सेटवर ३६ तोफा होत्या, निदान कागदोपत्री. तेव्हाच्या मोजणीत छोट्या आखूड तोफा धरत नसत, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा जास्त भरायचा.

लांबी सुमारे १३७ फूट. म्हणजे किती? आपल्या लोकलचे दोन डबे एकापुढे एक ठेवा, तेवढी. त्यात अडीचशेच्या वर माणसं महिनोन्‌महिने राहायची, झोपायची, जेवायची, आजारी पडायची आणि लढायची. ‘हॅ, आमच्या विरार फास्टच्या दोन डब्यांत याहून जास्त माणसं असतात,’ असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. फक्त त्यांना चर्चगेटला उतरता येतं.

१८०५ साली हे जहाज पाण्यात उतरलं तेव्हा त्याचं नाव होतं ‘पिट’, इंग्लंडच्या पंतप्रधानांवरून ठेवलेलं. १८०७ मध्ये नाव बदलून झालं ‘साल्सेट’. जिंकलेल्या किंवा ताब्यात आलेल्या मुलखांची नावं जहाजांना द्यायची ही त्या नौदलाची जुनी सवय. आणि साष्टी त्यांच्या ताब्यात येऊन फार काळ लोटलेला नव्हता. १७३७ मध्ये मराठ्यांनी हे बेट पोर्तुगीजांकडून घेतलं. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई सर केली. १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला आणि साष्टी बळकावली. १७८२ च्या सालबाईच्या तहानं त्यावर शिक्कामोर्तब झालं. म्हणजे जहाज बांधलं जात होतं तेव्हा साष्टीतल्या गावांत मराठी राज्य आठवणारी म्हातारी माणसं नक्कीच होती.

तेव्हाची साष्टी कशी होती? भातखाचरं, मिठागरं, ताडामाडाच्या वाड्या, कोळीवाडे, मधे डोंगर आणि जंगल. मुंबई बेटावर जायचं तर होडीनं खाडी ओलांडायची. गव्हर्नर जोनाथन डंकन यांच्या काळात शीव आणि कुर्ला यांच्यामध्ये भराव टाकून पहिला पक्का रस्ता झाला, तोसुद्धा साधारण १८०५ च्याच सुमारास. माहीम-वांद्र्याचा रस्ता व्हायला आणखी चाळीस वर्षं लागली. म्हणजे साष्टीचा माणूस धड पायी मुंबईला पोहोचू लागला, त्याच सुमारास ‘साष्टी’ नावाचं जहाज जगाच्या दुसऱ्या टोकाला निघालं होतं.

सागवान जिंदाबाद!

इंग्रजांना इतक्या लांब जहाज बांधून घ्यायची गरज का पडली? उत्तर एका शब्दात, लाकूड. इंग्लंडची जहाजं ओकची. ओकचं झाड जहाजाच्या कामाचं व्हायला माणसाचं अख्खं आयुष्य जातं, आणि नेपोलियनशी चाललेल्या युद्धात नौदलानं ओकची जंगलं संपवत आणली होती. इकडे मुंबईला मात्र मलबारकडून आणि गुजरातेतून सागवान येत होतं.

आणि सागवान नुसतं पर्याय नव्हतं, सरस होतं. सागात नैसर्गिक तेल असतं, त्यामुळे त्याला कीड आणि कुज लवकर लागत नाही. ओकमधलं आम्ल लोखंडी खिळे खाऊन टाकतं, सागातलं तेल उलट त्यांना जपतं. तिसरा मुद्दा जरा भयंकर आहे. तोफेचा गोळा ओकच्या भिंतीवर आदळला की लाकडाच्या धारदार ढलप्या उडत. खलाशी गोळ्यापेक्षा या ढलप्यांनी जास्त जखमी व्हायचे आणि त्या जखमा चिघळायच्या. सागाच्या ढलप्या तितक्या उडत नाहीत, अशी तेव्हाच्या नाविकांची खात्री होती.

लाकूड झालं, आता कारागीर. १७३६ मध्ये लवजी नसरवानजी वाडिया नावाचा एक पारशी सुतार सुरतेहून दहा सुतार सोबत घेऊन मुंबईला आला. ईस्ट इंडिया कंपनीनं त्याला गोदीच्या कामावर बोलावलं होतं. १७५० मध्ये मुंबईत सुकी गोदी सुरू झाली, आशियातली अशी पहिली. सुकी गोदी म्हणजे समुद्राला लागून दगडात बांधलेला प्रचंड हौद. भरतीला दार उघडायचं, जहाज आत घ्यायचं, ओहोटीबरोबर पाणी उतरू द्यायचं आणि दार बंद करायचं. जहाज कोरड्यात उभं राहतं आणि खालूनवरून कामाला मोकळं होतं. मुंबईची भरती-ओहोटी चांगली चार-पाच मीटरपर्यंत जाते, त्यामुळे ही जागा या कामाला फारच सोयीची. पावसाळ्यात सखल भागात पाणी तुंबवून जी भरती आपल्या नाकी नऊ आणते, तिच्या जिवावर हा सगळा धंदा उभा राहिला.

लवजींच्या पुढच्या पिढ्यांनी गोदीतलं मुख्य सुताराचं पद दीडशे वर्षांच्या आसपास घरात राखलं. साल्सेट बांधली ती त्यांचे नातू जमशेटजी बमनजी वाडिया यांनी. इथल्या पद्धतीत फळ्या नुसत्या शेजारी शेजारी ठोकत नसत. एका फळीच्या कडेला खाच आणि दुसरीला तिच्यात बसणारी जीभ असे सांधे करत, मग फटींत कापूस ठासून वर राळ-डांबर देत. असा सांधा पाणी सहसा आत येऊ देत नाही. जमशेटजींचं तैलचित्र आज लंडनच्या ग्रिनिचमधल्या सागरी संग्रहालयात आहे.

बर्फात अडकली साष्टी

पुढे साल्सेटची रवानगी झाली ती युरोपच्या उत्तरेला, बाल्टिक समुद्रात. का? १८०७ मध्ये रशियाच्या झारनं नेपोलियनशी तह केला आणि इंग्लंड-रशिया शत्रू झाले. जहाजाचा कप्तान होता वॉल्टर बॅथर्स्ट. हे नाव लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा येणार आहे.

१८०८ च्या जूनमध्ये आजच्या एस्टोनियाच्या किनाऱ्याजवळ साल्सेटची गाठ ‘ओपित’ नावाच्या छोट्या रशियन जहाजाशी पडली. ‘ओपित’वर जेमतेम १४ तोफा. तिचा तरुण लेफ्टनंट नेवेल्स्कॉय याला पळता येत नव्हतं आणि शरण जायचं नव्हतं. तो लढला. जहाजाची चाळण झाली, तो स्वतः जखमी झाला, तेव्हा कुठे ‘ओपित’ साल्सेटच्या हाती लागली. ब्रिटिशांच्या लेखी ही किरकोळ चकमक. रशियात मात्र ती शौर्यकथा झाली. पुढे लिओनिद ब्लिनोव या रशियन चित्रकारानं या लढतीचं तैलचित्र काढलं. म्हणजे रशियनांच्या अभिमानाच्या एका चित्रात शत्रू म्हणून जे जहाज दिसतं, त्याचं नाव आपल्या बेटाचं. आपल्याला त्या गोष्टीत कुणाची बाजू घ्यावीशी वाटते? बहुतेकांना नेवेल्स्कॉयचीच वाटेल. या प्रश्नाकडे आपण पुन्हा येऊ.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात साल्सेट स्वीडनच्या बंदरातून व्यापारी जहाजांच्या ताफ्याला सोबत करत इंग्लंडकडे निघाली. पण हिवाळा लवकर आणि जोरात आला. समुद्र गोठू लागला. बर्फाचे मोठमोठे तक्ते वाऱ्यानं सरकत होते आणि जहाजं त्यांच्यात जखडली गेली. सुकाणू चालेना, शिडांचा उपयोग होईना. सोबतच्या ‘फामा’, ‘सालोरमन’, ‘मॅग्नेट’ या लहान युद्धनौका त्या हिवाळ्यात बुडाल्या किंवा फुटल्या. व्यापारी जहाजांचीही वाताहत झाली.

साल्सेट तगली. उन्हापावसात वाढलेलं मलबार-गुजरातकडचं लाकूड, दमट मुंबईत बसवलेले सांधे, आणि बाहेरून दाबणारं बाल्टिकचं बर्फ! त्या सुतारांपैकी कुणी बर्फ कधी डोळ्यांनी पाहिलं असेल असं वाटत नाही. पुढे मुंबईत युद्धनौका बांधून घ्याव्यात असा आग्रह धरणाऱ्यांनी सागाच्या ताकदीचा पुरावा म्हणून याच प्रसंगाचा दाखला दिला. १८१० मध्ये मुंबईच्या गोदीतून ७४ तोफांची ‘मिंडेन’ बाहेर पडली. लढाईच्या रांगेत उभं राहणारं इतकं मोठं जहाज ब्रिटिश नौदलानं ब्रिटनबाहेर पहिल्यांदाच बांधून घेतलं होतं.

बावीस वर्षांचा एक पाहुणा

१८१० चा एप्रिल. साल्सेट आता तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर आहे. तिला कॉन्स्टँटिनोपलला, म्हणजे आजच्या इस्तंबूलला जायचं आहे. स्मिर्ना बंदरात दोन इंग्रज प्रवासी जहाजावर चढतात. एक जॉन हॉबहाउस आणि दुसरा त्याचा मित्र, वय वर्षं बावीस, डोक्यावर कर्ज, एका पायानं लंगडा, कविता करतो. नाव जॉर्ज गॉर्डन बायरन. होय, तोच, इंग्लिश लिटरेचरवाल्यांच्या सिलॅबसमधला लॉर्ड बायरन. त्याला जगप्रसिद्ध व्हायला अजून दोन वर्षं होती. तेव्हा तो कॉलेज संपवून जग बघायला निघालेला एक मुलगा होता, इतकंच.

दार्दानेल्स ही युरोप आणि आशिया यांच्यामधली चिंचोळी सामुद्रधुनी. तिच्यातून पुढे जायला सुलतानाचा परवाना लागायचा. परवाना येईपर्यंत साल्सेट नांगर टाकून थांबली. आणि रिकाम्या वेळात बायरनच्या डोक्यात किडा वळवळला. ग्रीक कथेत लिअँडर नावाचा तरुण आपल्या प्रेयसीला, हीरोला भेटायला रोज रात्री ही सामुद्रधुनी पोहून जायचा. खरंच पोहता येते का ही? बघूया!

पहिला प्रयत्न थंडगार पाण्यानं हाणून पाडला. ३ मे १८१० रोजी बायरन आणि साल्सेटवरचा लेफ्टनंट एकेनहेड पुन्हा उतरले. सरळ रेषेत अंतर दीड-दोन किलोमीटर, पण प्रवाह इतका जोरदार की प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी पट पोहावं लागतं. बायरनला एक तास दहा मिनिटं लागली. एकेनहेड त्याच्या थोडा आधी पोहोचला, पण इतिहासात नाव झालं ते बायरनचं. पुढे आयुष्यभर तो या पोहण्याची फुशारकी मारत राहिला. त्यावर त्यानं कविताही केली. आजही दर वर्षी तिथे लोक ही सामुद्रधुनी पोहून पार करतात.

इंग्लिश साहित्याच्या इतिहासात ही घटना हमखास येते. ‘साल्सेट’ हे जहाजाचं नावही येतं. पण ते नाव वाचून अंधेरीच्या कॉलेजातल्या वर्गात कुणी ‘अरे, हे तर आपलं!’ म्हणून दचकतं का?

वहीची शेवटची पानं

पुढची काही वर्षं साल्सेटनं इंग्लंडच्या आसपास फ्रेंचांच्या परवानाधारक लुटारू जहाजांचा पाठलाग करण्यात घालवली. नेपोलियन हरला, युद्ध संपलं आणि शेकडो जहाजं एकदम बेकार झाली. साल्सेटच्याही डोलकाठ्या उतरल्या. जुन्या युद्धनौकांच्या नशिबी येतात ती धक्क्याला बांधून पडण्याची कामं तिच्या वाट्याला आली. शेवटी १८७४ मध्ये ती तोडली गेली. जवळजवळ सत्तर वर्षं! लाकडी जहाजाला हे आयुष्य मोठंच म्हणायचं.

आणि कप्तान बॅथर्स्ट? २० ऑक्टोबर १८२७ रोजी ग्रीसच्या नवारिनो उपसागरात ब्रिटिश, फ्रेंच आणि रशियन आरमारं मिळून तुर्की-इजिप्शियन आरमाराशी लढली. होय, १८०८ चे शत्रू रशियन आता मित्र होते. ग्रीसच्या स्वातंत्र्याचा मार्ग मोकळा करणारी ही लढाई. ज्या ग्रीसच्या लढ्यात उतरून बायरननं तीन वर्षांपूर्वीच प्राण सोडला होता, तोच ग्रीस. बॅथर्स्ट ‘जेनोआ’ या जहाजावर होता आणि तिथेच मारला गेला. आणि ब्रिटिश सेनापती कॉड्रिंग्टन ज्या निशाणाच्या जहाजावर होता, ते ‘एशिया’ कुठे बांधलेलं होतं ठाऊक आहे? मुंबईत, त्याच गोदीत, १८२४ साली.

मग, अभिमान वाटून घ्यायचा का?

खरा पेच इथे आहे. ‘आपल्या माणसांनी बांधलेलं जहाज जगभर गाजलं’ असं स्टेटस टाकून मोकळं होता येईल. पण त्याच गोदीतून १८१३ मध्ये ‘कॉर्नवॉलिस’ बाहेर पडलं. २९ ऑगस्ट १८४२ रोजी चीनवर लादलेल्या नानकिंगच्या तहावर सह्या झाल्या त्या याच जहाजावर. पहिल्या अफूयुद्धाचा शेवट, हाँगकाँग इंग्रजांच्या घशात. १८१५ चं ‘वेलस्ली’ जहाज घेऊन इंग्रजांनी १८३९ मध्ये कराची ताब्यात घेतली. म्हणजे इथल्या सुतारांचं कसब ज्या साम्राज्याच्या कामी आलं, ते साम्राज्य आपल्याच मानेवर बसलेलं होतं. साष्टी हे नावसुद्धा त्यांनी जहाजाला दिलं, ते प्रेमानं नव्हे. ती मालकीची पाटी होती.

आणि आपण यातून हात झटकू शकत नाही. चीनला जाणारी माळव्याची अफू मुंबई बंदरातूनच जायची. मुंबईचे कितीतरी व्यापारी त्यावर गब्बर झाले. वांद्र्याहून माहीमला जाताना तुम्ही जो कॉजवे ओलांडता, तो १८४५ मध्ये लेडी अवाबाई जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून झाला. त्यांच्या घराण्याची संपत्ती चीनच्या कापूस आणि अफूच्या व्यापारातली. त्याआधी ती खाडी होडीनं ओलांडताना माणसं बुडायची. चांगलं आणि वाईट इतकं एकमेकांत गुंतलेलं आहे, की एक धागा ओढला तर दुसरा सोबत येतो.

आपल्याकडे आरमार नव्हतं असंही नाही. कान्होजी आंग्र्यांनी याच किनाऱ्यावर इंग्रजांना दशकानुदशकं जेरीला आणलं होतं. १७५६ मध्ये विजयदुर्गाला तुळाजी आंग्र्यांचं आरमार जळालं, ते इंग्रज आणि पेशवे एकत्र येऊन. त्यानंतर या किनाऱ्यावर इंग्रजांना तोडीस तोड असं कुणी उरलं नाही. जहाज बांधायचं कसब इथंच राहिलं, पण जहाज कुणाविरुद्ध न्यायचं हे ठरवणारे दुसरे झाले.

आणि हे कसबही त्यांनी धड जगू दिलं नाही. भारतात बांधलेली जहाजं माल घेऊन थेम्स नदीत येऊ लागली, तेव्हा लंडनच्या जहाजबांधणीवाल्यांनी आपण भिकेला लागणार म्हणून गहजब केला. मग भारतीय जहाजांना आणि खलाशांना अडवणारे नियम आले. पुढे वाफेची आणि लोखंडाची जहाजं आली आणि सागवानाची सद्दी संपली. वाडियांच्या घरातली पोरं मात्र गप्प बसली नाहीत. १८३८ मध्ये जहांगीर नवरोजी आणि हिरजीभाई मेरवानजी हे दोघे चुलतभाऊ, तुमच्याच वयाचे, जहाजबांधणी शिकायला इंग्लंडला गेले. त्यांनी प्रवासाचं पुस्तकही लिहिलं. त्यांच्याच घरातले अर्देशिर कर्सेटजी वाफेच्या इंजिनाचे जाणकार झाले आणि १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे पहिले भारतीय फेलो ठरले.

म्हणून अभिमान की शरम असा कॉलेजच्या वादविवाद स्पर्धेसारखा निकाल इथे लावायची घाई नको. सांधा घट्ट बसवणाऱ्या सुताराच्या हाताला दाद द्या, आणि त्या जहाजानं कुणासाठी काय केलं तेही विसरू नका. दोन्ही एकाच वेळी डोक्यात ठेवायला थोडी सवय लागते, पण जमतं.

बघायला काय उरलंय?

साल्सेट गेली, पण तिची एक धाकटी बहीण अजून पाण्यावर आहे. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी जमशेटजींनीच मुंबईत पाण्यात उतरवलेली ‘त्रिंकोमाली’ ही फ्रिगेट आज इंग्लंडमधल्या हार्टलपूल गावी संग्रहालय म्हणून उभी आहे. तिच्या कण्यात पारशी रिवाजाप्रमाणे चांदीचा खिळा ठोकला होता. युरोपात पाण्यावर तरंगणारी ही सर्वांत जुनी ब्रिटिश युद्धनौका मानली जाते. पोर्ट्समथची प्रसिद्ध ‘व्हिक्टरी’ वयानं मोठी आहे, पण ती सुक्या गोदीत आहे. शिक्षण किंवा नोकरीसाठी तिकडे गेलात तर ‘त्रिंकोमाली’च्या तुळईला हात लावून या. ते सागवान इथून गेलेलं आहे.

इथे मुंबईत त्या जुन्या गोद्या आजही आहेत, आणि नौदलाच्या कामात आहेत. नेव्हल डॉकयार्ड लष्करी जागा असल्यामुळे सहज आत जाता येत नाही. पण सीएसएमटी किंवा चर्चगेटला उतरून शहीद भगतसिंग रोडनं लायन गेटपर्यंत चालत जा. त्या उंच भिंतीपलीकडे १७५० पासून जहाजं कोरड्यात उभी राहत आली आहेत. अधिक वाचायचं असेल तर रतनजी अर्देशिर वाडिया यांचा मुंबई गोदीवरचा जाडजूड इंग्रजी ग्रंथ आहे, एखाद्या जुन्या ग्रंथालयात शोधा. आणि काम थांबलेलं नाही. माझगाव डॉकमध्ये बांधलेली ‘आयएनएस सुरत’ ही विनाशिका १५ जानेवारी २०२५ रोजी नौदलात दाखल झाली. लवजी वाडिया ज्या गावाहून आले, त्याच गावाचं नाव. पण आता नाव आपण ठेवतो आणि जहाज कुठे जाणार तेही आपण ठरवतो.

एक काम मात्र बाकी आहे आणि ते तुमच्यापैकी कुणीतरी करावं. साल्सेटच्या कप्तानाचं नाव आपल्याला माहीत आहे. तिच्यावरून उडी मारणाऱ्या कवीची तर मिनिटंसुद्धा मोजून ठेवली आहेत. पण सांधे बसवणारे, कापूस ठासणारे, सागाचे ओंडके ओढणारे शेकडो लोक कोण होते, कुठून आले, त्यांना मजुरी काय मिळायची? कंपनीच्या कागदांत त्यांचे हिशेब असतात, नावं क्वचितच. इतिहास, मराठी, अर्थशास्त्र, नाहीतर अगदी इंजिनीअरिंगच्या प्रोजेक्टसाठी विषय शोधत असाल, तर हा घ्या. एलफिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत महाराष्ट्राचं राज्य पुराभिलेखागार आहे. अर्ज करायचा, ओळखपत्र दाखवायचं आणि शांतपणे जुने कागद उघडून बसायचं.

आणि पुढच्या वेळी कुणी म्हणालं, की उपनगरांना कसला आलाय इतिहास, खरी मुंबई म्हणजे टाउन, तर वाद घालू नका. फक्त विचारा, ‘साष्टी नावाची युद्धनौका माहितीये?’